आरोग्यसुविधांचा सार्वजनिक अर्थपुरवठा, महाराष्ट्रातील

आरोग्यसुविधांचा सार्वजनिक अर्थपुरवठा, महाराष्ट्रातील : रुग्णालये, दवाखाने, प्रसूतिगृहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे इ. संस्था उभारणे, चालविणे आणि त्यांतील उपचारांचा खर्च पूर्णतः वा अंशतः सार्वजनिक निधीतून भागविणे, ह्यासंबंधीची राज्यातील वैधानिक व प्रशासकीय व्यवस्था. हा विषय एखाद्या एकाच सर्वसमावेशक कायद्यात ग्रथित झालेला नाही. नगरपरिषदा, महानगरपालिका, जिल्हा परिषदा व सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था यांसंबंधीचे निरनिराळे अधिनियम, दरवर्षी संमत होणारा विनियोजन अधिनियम आणि वेळोवेळी निघणारे शासन निर्णय यांतून ही व्यवस्था घडत आली आहे. सेवा पुरविण्याचे कर्तव्य बहुधा कायद्याने लादलेले असते. त्यासाठी लागणारा पैसा मात्र बहुतांशी शासकीय निर्णयांवर अवलंबून असतो. कर्तव्य आणि निधी यांतील हे अंतर हा ह्या व्यवस्थेचा सर्वांत महत्त्वाचा विशेष होय. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडसारख्या लहान नगरपरिषदेच्या गावी ते विशेष स्पष्टपणे दिसून येते.

घटनात्मक चौकट : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय सहाव्या नोंदीत समाविष्ट आहेत. त्यामुळे त्यांविषयी कायदे करण्याचा व खर्च करण्याचा प्रमुख अधिकार राज्याकडे येतो. लोकांचे पोषण व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक असल्याचे अनुच्छेद ४७ मध्ये म्हटले आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे न्यायालयाकडून थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याजोग्या विषयांत घालण्यात आला. ह्या संस्थांच्या आर्थिक स्थितीचा आढावा घेऊन राज्याच्या उत्पन्नातील त्यांच्या वाट्याविषयी शिफारशी करण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूदही संविधानात आहे. शिफारशी स्वीकारणे वा न स्वीकारणे मात्र शासनाच्या हाती राहते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील नगरपालिकांवर दवाखाने चालविणे, देवी टोचणे, साथींना प्रतिबंध करणे यांसारखी कामे नगरपालिकाविषयक अधिनियमांनी सोपविली होती. १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम हा त्यांपैकी दीर्घकाळ अंमलात असलेला कायदा होय. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर सार्वजनिक आरोग्य व स्थानिक स्वराज्य हे विषय प्रांतांतील लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. परंतु उत्पन्नाची भरीव साधने त्यांच्या हाती न आल्याने आरोग्यावरील खर्च मर्यादितच राहिला.

दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांची स्थिती ह्याहून वेगळी होती. तेथे दवाखान्यांचा खर्च संस्थानच्या तिजोरीतून होई व त्याचे प्रमाण संस्थानिकाच्या इच्छेवर आणि संस्थानच्या उत्पन्नावर अवलंबून असे. कोल्हापूर संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेले अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय हेच पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले. पटवर्धन घराण्याच्या कुरुंदवाड संस्थानाची १८५४ मध्ये थोरली व धाकटी अशा दोन पात्यांत विभागणी झाली. एवढ्या लहान संस्थानांना मोठ्या रुग्णालयांचा भार पेलणे शक्य नव्हते. शेजारच्या मिरजेत विल्यम वॉन्लेस ह्या मिशनरी वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेल्या रुग्णालयामुळे ह्या भागातील रुग्णांचा ओढा त्या गावाकडे वळला आणि तो पुढेही टिकून राहिला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थानही विलीन झाले आणि संस्थानी दवाखान्यांचा भार प्रांतिक शासन व स्थानिक संस्था यांवर आला.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नसल्यामुळे कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तिचे आधारभूत तत्त्व होते. ४० हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही तिची अल्पमुदतीची, तर १० ते २० हजार लोकवस्तीस ७५ खाटांचे केंद्र ही दीर्घमुदतीची योजना होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा अधिनियम संमत झाला व ५ जुलै १९४८ पासून तो अंमलात आला. ब्रिटनने सेवेची हमी व तिचा अर्थपुरवठा यांची सांगड एकाच कायद्यात घातली. भारतात मात्र भोर समितीच्या शिफारशी पंचवार्षिक योजनांच्या मार्गाने, म्हणजे प्रामुख्याने प्रशासकीय निर्णयांनी आणि उपलब्ध निधीच्या मर्यादेत अंमलात आल्या.

नगरपरिषदा : महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यातील कलम ४९ मध्ये नगरपरिषदांची कर्तव्ये दिली आहेत. सफाई, सांडपाण्याचा निचरा, साथीच्या रोगांना प्रतिबंध, लसीकरण, सार्वजनिक दवाखाने व वैद्यकीय मदत ही कामे आवश्यक कर्तव्यांत मोडतात. लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे अ, ब व क असे वर्ग पाडले असून २०११ च्या जनगणनेनुसार सु. २२ हजार लोकवस्ती असलेले कुरुंदवाड क वर्गात येते. कर्तव्यांची यादी सर्व वर्गांना सारखीच लागू आहे. उत्पन्नाच्या साधनांचा विस्तार मात्र अर्थातच सारखा नाही.

नगरपरिषदांच्या उत्पन्नात पूर्वी जकातीचा वाटा मोठा असे. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात रद्द झाली व तिच्याऐवजी राज्याकडून साहाय्यक अनुदान मिळू लागले. गावातील व्यापाराबरोबर वाढणाऱ्या उत्पन्नाची जागा अशा रीतीने शासनाने ठरविलेल्या रकमेने घेतली. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार फी यांसारखी उरलेली साधने लहान गावात तोकडी पडतात. त्यांतून कर्मचाऱ्यांचे वेतन, पाणीपुरवठा व सफाई यांचा खर्च भागविल्यावर वैद्यकीय सेवेसाठी फारसे काही शिल्लक राहात नाही. ह्याउलट मुंबई महानगरपालिकेने १८८८ च्या आपल्या स्वतंत्र अधिनियमाखाली राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयासारखी (१९२६) मोठी रुग्णालये व त्यांना जोडलेली वैद्यकीय महाविद्यालये चालविली आहेत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत जकात हा तिच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार होता. जकात गेल्यानंतर महानगरपालिकांना द्यावयाच्या भरपाईची तरतूद त्याच वर्षी स्वतंत्र अधिनियमाने करण्यात आली. महानगरपालिकांच्या भरपाईला कायद्याचे पाठबळ मिळाले. लहान नगरपरिषदांचा दवाखाना मात्र अनुदानाच्या भरवशावर राहिला.

निधीअभावी कर्तव्य टळू शकते काय, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की पैसा नाही ह्या सबबीवर नगरपालिकेस सार्वजनिक स्वच्छतेचे वैधानिक कर्तव्य टाळता येणार नाही. पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात (१९९६) त्याच न्यायालयाने तातडीचे उपचार मिळणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग मानला व आर्थिक अडचणीचे कारण राज्यालाही पुढे करता येणार नाही, असे सांगितले. ह्या निर्णयांनी कर्तव्याला बळकटी आली. तथापि न्यायालय कर्तव्य बजावण्याचा आदेश देऊ शकले, तरी स्थानिक संस्थेच्या उत्पन्नाची घडी बसविणे हे विधिमंडळाचे व शासनाचेच काम राहते.

कुरुंदवाडनजीकच्या इचलकरंजीचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. हे शहर यंत्रमाग उद्योगाचे मोठे केंद्र असून २०२२ मध्ये तेथे महानगरपालिका झाली. त्यापूर्वी तेथील नगरपरिषद इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय स्वतः चालवीत असे. पुढे ते राज्यशासनाकडे हस्तांतरित करण्यात आले. जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या नगरपरिषदेनेही जे रुग्णालय अखेर शासनाकडे सोपविले, तशा प्रकारच्या संस्थेचा भार क वर्ग नगरपरिषद स्वबळावर उचलील, अशी अपेक्षा करता येत नाही.

जिल्हा परिषदा : महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ अन्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे त्यांच्या ताब्यात आहेत. सर्वसाधारण भागात ३० हजार व डोंगरी वा आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तसेच अनुक्रमे ५ हजार व ३ हजार लोकवस्तीस एक उपकेंद्र, असे प्रमाण आहे. ह्या अधिनियमाचा विशेष असा, की त्यात कर्तव्यांबरोबर अनुदानांचाही विचार केला आहे. शासनाने सोपविलेल्या कामांसाठी सप्रयोजन अनुदान, कर्मचाऱ्यांसाठी आस्थापना अनुदान, दुर्बल जिल्हा परिषदांसाठी समानीकरण अनुदान अशा प्रकारांची त्यात तरतूद आहे. साहजिकच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे वेतन हे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नावर अवलंबून राहात नाही. ह्या तरतुदीमुळे शिरोळ तालुक्यातील खेड्यांना एक निश्चित आरोग्ययंत्रणा लाभली. मात्र नगरपरिषदेची हद्द सुरू होते तेथे जिल्हा परिषदेचे अधिकारक्षेत्र संपते. त्यामुळे खेड्यांहून मोठ्या असलेल्या लहान शहरांची सोय लावण्याचा प्रश्न वेगळाच उरतो.

राज्याचा अर्थसंकल्प : ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर वैद्यकीय महाविद्यालये व त्यांना संलग्न रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. कुरुंदवाडच्या रुग्णास उपयोगी पडणाऱ्या संस्थांपैकी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६२) आणि कोल्हापूरचे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दुसऱ्या प्रकारात येतात. ह्या संस्थांवरील खर्च विधानसभेपुढे मागण्यांच्या रूपाने येतो व विनियोजन अधिनियमाने त्यास मंजुरी मिळते. ‘२२१०–वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ ह्या लेखाशीर्षाखाली चालू खर्च, तर ‘४२१०’ खाली इमारती व मोठी साधनसामग्री यांवरील भांडवली खर्च दाखविला जातो. विनियोजन अधिनियम हा खर्चास परवानगी देणारा कायदा आहे; ठराविक रक्कम खर्च झालीच पाहिजे, असे बंधन त्याने येत नाही. म्हणून मंजूर रुग्णालयाची इमारत आणि त्यातील मंजूर पदे यांत, तसेच मंजूर पदे आणि भरलेली पदे यांत, वर्षानुवर्षे तफावत राहू शकते.

केंद्राकडून मिळणाऱ्या निधीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचे पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानात रूपांतर झाले. त्याच्या खर्चात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ ह्या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास देशभर ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावी, असे उद्दिष्ट ठेवले होते. धोरणातील अशा उद्दिष्टांना कायद्याचे बंधन नसते.

धर्मादाय रुग्णालये : खाजगी विश्वस्तसंस्थांना जमीन, करसवलत, अनुदान वा अतिरिक्त बांधकामाची परवानगी देणे, हाही सार्वजनिक अर्थपुरवठ्याचाच एक अप्रत्यक्ष प्रकार होय. त्याच्या मोबदल्यात गरिबांना सेवा मिळावी ह्या हेतूने १९८५ मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) यात कलम ४१ कक घालण्यात आले. शासकीय साहाय्य वा सवलत घेणाऱ्या आणि ज्यांचा वार्षिक खर्च पाच लाख रुपयांहून अधिक आहे, अशा वैद्यकीय विश्वस्तसंस्थांना ते लागू आहे. त्यानुसार एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे आवश्यक आहे.

ह्या कलमाची अंमलबजावणी दोन दशके ढिली राहिली. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या जनहितयाचिकेवरून २००६ मध्ये एक सविस्तर योजना अंमलात आली. तिच्यानुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने आपल्या देयकांच्या एकूण रकमेच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी काढावयाची असते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वार्षिक २५ हजार व दुर्बल घटकांसाठी ५० हजार रुपये ठरविण्यात आली व पुढे ती वाढविण्यात आली. योजनेवर देखरेख ठेवण्याचे काम धर्मादाय आयुक्तांकडे आहे. तातडीच्या रुग्णास प्रवेश नाकारता येत नाही, हीदेखील तिच्यातील एक महत्त्वाची अट आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिल-बर्टन अधिनियमाशी (१९४६) ह्या तरतुदीचे साम्य लक्षणीय आहे. त्या कायद्याने रुग्णालयांच्या बांधकामासाठी संघराज्याचा पैसा दिला व त्याच्या बदल्यात ऐपत नसलेल्यांना ‘वाजवी प्रमाणात’ सेवा देण्याचे बंधन घातले. वाजवी प्रमाण म्हणजे किती, हे निश्चित नसल्याने ते बंधन बराच काळ नाममात्र राहिले व सत्तरीच्या दशकातील न्यायालयीन दाव्यांनंतरच त्यास नेमके मोजमाप लाभले. त्या देशातील काही राज्यांनी पुढे कायद्याने स्वतंत्र वित्तप्राधिकरणे स्थापन करून रुग्णालयांसाठी करमुक्त कर्जरोख्यांचा मार्ग खुला केला. कॅलिफोर्नियातील असे प्राधिकरण १९७९ चे आहे. महाराष्ट्रात रुग्णालयांच्या भांडवली खर्चासाठी असे कर्जरोखे काढण्याची पद्धत रुजलेली नाही.

आरोग्यविमा योजना : एकविसाव्या शतकात संस्थेला अनुदान देण्याऐवजी रुग्णाच्या उपचारांचे पैसे रुग्णालयाला चुकविण्याची पद्धत पुढे आली. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून कोल्हापूरसह उर्वरित जिल्ह्यांत तिचा विस्तार झाला. ठराविक शिधापत्रिकाधारक कुटुंबांस दरवर्षी दीड लाख रुपयांपर्यंतचे निवडक उपचार अंगीकृत शासकीय व खाजगी रुग्णालयांत त्यामुळे विनामूल्य मिळू लागले. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव देण्यात आले, २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली आणि २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा पाच लाख रुपये करून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्यात आली. त्याच वर्षी कर्नाटकातील ८६५ मराठी भाषक सीमावर्ती गावांतील रहिवाशांनाही तिचा लाभ देण्याचा निर्णय झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार विनामूल्य करण्यात आले.

ह्या सर्व सुधारणा शासन निर्णयांनी झाल्या आहेत. त्यामुळे त्या त्वरेने करता आल्या व त्यांचा विस्तारही वेगाने झाला. परंतु शासन निर्णयाने दिलेली सवलत दुसऱ्या निर्णयाने कमी करता येते. शिवाय विम्याचा पैसा रुग्णालय असेल तेथेच पोहोचतो. शस्त्रक्रिया कोल्हापूर, सांगली वा मिरज येथे विनामूल्य होते. मात्र गावातील बाळंतपण, ताप, सर्पदंश यांसाठी आवश्यक असलेला जवळचा सुसज्ज दवाखाना त्यातून निर्माण होत नाही. कुरुंदवाड हे कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेले असल्याने हा प्रश्न तेथे अधिक तीव्र बनतो. २००५, २०१९ व २०२१ ह्या वर्षी आलेल्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील अनेक गावे वेढली गेली व रस्ते पाण्याखाली गेले. अशा वेळी शहरातील अंगीकृत रुग्णालयाचा लाभ केवळ कागदोपत्री उरतो आणि स्थानिक दवाखाना, त्यातील औषधसाठा व तेथील वैद्य यांवरच लोकांचे जीवित अवलंबून असते.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील विधिविधानाने रुग्णसेवेचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर, राज्यावर व साहाय्य घेणाऱ्या विश्वस्तसंस्थांवर वाटून दिले आहे. त्यांपैकी ज्या कायद्यांत कर्तव्याबरोबर निधीचा मार्गही सांगितला आहे, ते अधिक परिणामकारक ठरले. जिल्हा परिषदांच्या अधिनियमातील अनुदाने व धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत ठरलेला दोन टक्क्यांचा निधी ही त्याची उदाहरणे होत. नगरपरिषदांच्या अधिनियमात तशी निश्चिती नसल्याने लहान शहरे मागे पडली. औषधखरेदीच्या क्षेत्रात महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अधिनियम, २०२३ हा संमत होऊन वैधानिक घडी बसविण्यास प्रारंभ झाला आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा करून तातडीच्या उपचारांचा खर्च रुग्ण देऊ न शकल्यास तो राज्याने सोसण्याचे तत्त्व मान्य केले. त्या कायद्याचा अनुभव अद्याप थोडा आहे. महाराष्ट्रात विनामूल्य उपचारांची व्याप्ती त्याहून मोठी असली, तरी तिला कायद्याचा आधार नाही. क वर्ग नगरपरिषदेच्या दवाखान्यास दरडोई ठरावीक अनुदान मिळण्याची वैधानिक तरतूद होणे, हा ह्या व्यवस्थेतील मोठा दुवा आहे. तो जोडला गेल्यास कलम ४९ मधील कर्तव्य आणि ते पार पाडण्याची ऐपत एकाच ठिकाणी येऊ शकतील.